‘समजले’ – पण समजलंच नसेल तर काय दाबायचं?

सांजवात

आईला नवा फोन घेतला त्याला तीन आठवडे झाले. पहिल्याच संध्याकाळी ती फोन हातात धरून कितीतरी वेळ ओट्याशी उभी होती. पडद्यावर एक चौकट, चौकटीत तीन-चार ओळी आणि खाली निळ्या अक्षरांत एकच शब्द: ‘समजले’. मी म्हटलं, "अगं, दाब ना ते." तर म्हणाली, "मला समजलेलं नाही. मग ‘समजले’ कसं दाबू?"

आई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवत होती. वर्गात "समजलं का?" विचारल्यावर सगळ्यांनी एका सुरात "हो बाई" म्हटलं, की ती मुद्दाम मागच्या बाकावरच्या एखाद्याला फळ्यापाशी बोलवायची. न समजता ‘समजलं’ म्हणणं तिच्या लेखी खोटं बोलणंच. आणि त्या चौकटीत ‘समजले नाही’ असं दुसरं बटणच नव्हतं.

दादा आला, "दे इकडे" म्हणाला, आठ-दहा ठिकाणी बोटं आपटली आणि फोन परत दिला. "झालं बघ." काय झालं ते आईला कळलं नाही. शेजारी उभी असून मलाही कळलं नाही.

दादा गेल्यावर आम्ही दोघी बसलो. तो मजकूर होता मागे कसं जायचं याबद्दल. जुन्या फोनमध्ये खाली त्रिकोण, गोल आणि चौकोन असायचे. नव्यात ते नाहीत, काचेच्या कडेवरून बोट आत सरकवायचं. आईचा पहिला प्रश्न: "कड म्हणजे काचेची की कव्हरची?" आणि खरंच, दुकानदाराने घालून दिलेल्या जाड रबरी कव्हरची किनार काचेच्या वर आलेली. आईचं बोट त्या किनारीला अडखळून पलीकडे काचेच्या मध्यावर पडायचं आणि भलतंच काहीतरी उघडायचं. कव्हर काढल्यावर पहिल्याच फटक्यात जमलं.

हे बोटं आपटणाऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तिनं ‘कड कुठली’ विचारलं म्हणून आलं.

तेव्हापासून आईनं दोनशे पानी वही घातली आहे. ‘मोबाइल’ असं वर लाल शाईनं. तिच्याच शब्दांत उतरवते. पहिलं पान:

"बाजूची बारीक चपटी कळ एकदा दाबणे. काच उजळते. मग बोट खालून वर नेणे, सांडलेलं दूध फडक्याने ओढतो तसे, पण उलट्या दिशेने. हिरव्या गोलात पांढरा फोन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. नुसता हिरवा फोन वेगळा. नावावर बोट टेकवून लगेच उचलणे. टेकवून ठेवल्यास नाव हिरवं होऊन वर कचऱ्याचा डबा येतो. आल्यास घाबरू नये, डब्याला हात लावू नये, वर डावीकडचा बाण दाबणे."

‘आल्यास घाबरू नये’ हे वाचून मला गलबलून आलं. फोनबरोबर आलेल्या पत्रकात हे वाक्य कुठे आहे?

तुमच्या घरी काय काय होतं ते लिहा. नुसती गंमत नको, उपाय सापडला असेल तर तोही लिहा. सुरुवात मी करते: ज्यांना तो त्रिकोण परत हवा आहे त्यांनी सेटिंग उघडून वरच्या शोधाच्या पट्टीत ‘नेव्हिगेशन’ लिहावं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ३ बटणांचा पर्याय अजून आहे, फक्त तो आपणहून समोर येत नाही.

निंबोणी

किती छान धागा! आमच्याकडे फोन नाही, इंडक्शनची शेगडी.

सासूबाई ७८ वर्षांच्या. डोंबिवलीत सिलिंडर यायला उशीर झाला तर हाताशी असावी म्हणून शेगडी घेतली. त्यांनी दुधाचं पातेलं ठेवलं, बटण दाबलं, शेगडी नुसती पीं पीं करत राहिली आणि बंद पडली. पुन्हा ठेवलं, पुन्हा पीं पीं. पत्रकात लिहिलेलं: ‘योग्य भांडे वापरा.’ आता बावन्न वर्षं संसार केलेल्या बाईला दूध तापवायला योग्य भांडं कुठलं ते माहीत नाही का? त्या इतक्या दुखावल्या की दोन दिवस शेगडीकडे फिरकल्या नाहीत.

पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं होतं. या शेगडीला चुंबक चिकटेल असंच बूड लागतं. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, काच काहीच चालत नाही. हे ‘योग्य’ या एका शब्दात कोंबलेलं. ‘चुंबक चिकटत असेल ते भांडे’ लिहायला अशी किती जागा लागली असती?

मी त्यांना फ्रिजवरचा पंढरपूरचा विठोबा काढून दिला, त्याच्या पाठीला चुंबक आहे. म्हटलं, "अहो आई, ज्या बुडाला हा चिकटेल ते चालेल." पुढचा तासभर त्या फडताळासमोर मांडी घालून बसल्या होत्या. एकेक भांडं काढायचं, उपडं करायचं, विठोबा लावून बघायचा. स्टीलचीसुद्धा सगळी चिकटत नाहीत, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. आमच्या डब्यांच्या उतरंडीतले अर्धे नापास. लोखंडी तवा, बिडाची कढई आणि चार पातेली पास झाली. पास झालेल्यांच्या कानाखाली त्यांनी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आता शेजारच्या काकू नवी शेगडी आणल्यावर विठोबा मागून नेतात.

पायवाट

निंबोणीताई, विठोबा खासच. आमच्याकडे टीव्हीचे दोन रिमोट. एक टीव्हीचा, एक डिशच्या डब्याचा. आजीकडून टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ दाबलं गेलं की निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’. ऐन मालिकेच्या वेळी. मग वर गच्चीवर छत्री हलली का ते बघायला कुणाला तरी पिटाळायची.

उपाय: टीव्हीच्या रिमोटवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला, फक्त चालू-बंदचं बटण उघडं ठेवलं. डब्याच्या रिमोटवर तिच्या तीन वाहिन्यांचे नंबर पांढऱ्या पट्टीवर मोठे लिहून पाठीमागे डकवले. दोन वर्षांत कुणी गच्चीवर गेलेलं नाही.

घाटमाथा

बाबा एसटीत कंडक्टर होते. ट्रे, पंच आणि चामड्याची पिशवी घेऊन नव्वद माणसांच्या गर्दीत आण्या-पैशाचा हिशेब न चुकलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहायचं. तिथे अंगठा लावायचा, आणि अंगठा उमटायचाच नाही. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, यंत्राला काही दिसत नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणायचा, "काका, नीट दाबा." बाबा आणखी जोर लावायचे. खरं तर जोर लावून काही होत नाही. बोट धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवलं तर उमटायची शक्यता वाढते. हे मला एका आधार केंद्रातल्या बाईंनी सांगितलं. तोवर बाबांचे तीन हेलपाटे झाले होते.

तर सांगायचं ते हे. सरकारची जीवन प्रमाणची, म्हणजे हा दाखला ऑनलाइन द्यायची, सोय २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून अंगठ्याऐवजी चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो, घरबसल्या. गेल्या वर्षी आम्ही ते केलं. दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारचा चेहरा ओळखणारं. दुसरं उतरवल्यावर त्याचं चित्र फोनवर कुठे दिसतच नाही, ते आतून काम करतं. यातच आमचा पहिला तास गेला.

मग पायरी आली ‘ऑपरेटर’ची. बाबा म्हणाले, "ऑपरेटर म्हणजे ऑफिसातला माणूस असणार, आपलं काम नाही हे. ठेव." ऑपरेटर म्हणजे फोन ज्याच्या हातात आहे तो, म्हणजे मी! आधी माझा आधार, माझा चेहरा. तो झाला की मग पेन्शनवाल्याचा. हे एकदा कळलं की पुढचं सरळ आहे.

आणि मग डोळ्यांची उघडझाप. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. "डोळे मिटा-उघडा" म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मी म्हटलं, "बाबा, देवाला नाही, फोनला." उघडले तर इतके ताणून उघडले की मिटेनात. आई पाठीमागून म्हणाली, "धूळ गेली असं समजा हो." त्यावर त्यांनी पटकन दोनदा पापण्या मारल्या आणि झालं! पाठीमागे साधी भिंत आणि तोंडावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर होत नाही.

आणखी एक, ज्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणारी, आहे त्यांना नोव्हेंबरचीच सक्ती नाही. वर्षात केव्हाही दाखला द्या, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. नोव्हेंबरच्या रांगेत मला असे कितीतरी लोक दिसले ज्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी पोस्टमनला विचारावं. पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे ते घरी येऊन करतात.

पैलतीर

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्यात आणि ठाण्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास, थंडीत साडेदहा. माझ्या वडिलांची, अण्णांची, अडचण यायची वेळ म्हणजे माझी झोपेची, पण तक्रार नाही. ते मला हाक मारतात याचाच आनंद आहे.

फोनवरून शिकवताना मला कळलं की मी ‘वरचे तीन ठिपके’ हे शब्द वर्षानुवर्षं बोलतोय, आणि अण्णांना ते ठिपके कधी दिसलेच नव्हते. ते इतके बारीक की त्यांना काचेवरचा डाग वाटायचा. एकदा तर ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते आणि पुसता पुसता मेनू उघडला. "अरे, डाग उघडला!" असं ओरडले. आता आमच्या घरात त्याला ‘डाग’च म्हणतात. "अण्णा, डाग दाबा." लगेच सापडतो.

दुसरी गोष्ट, जी मी कुठेच लिहिलेली पाहिली नाही. बँकेला किंवा गॅसवाल्यांना फोन केला की ‘मराठीसाठी अमुक दाबा’ येतं. अण्णा फोन कानाला लावून ऐकतात. कानाला लावला की काच काळी होते, गालाने बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून वर एक डोळा बसवलेला असतो. फोन कानापासून काढला की काच उजळते, पण आकडे तिथे नसतातच, ‘कीपॅड’ वेगळा उघडावा लागतो. तो शोधेपर्यंत पलीकडची बाई म्हणते, ‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही’ आणि फोन बंद. अण्णा तिला दर वेळी कळवळून सांगायचे, "बाई, निवडतोय हो, थांबा."

आता क्रम ठरवलाय. आधी नंबर लावायचा, लगेच स्पीकर, लगेच कीपॅड, मग फोन टेबलावर आडवा. कानाला लावायचाच नाही.

वडाची_पारंबी

नागपूर. वय ७१. इथे बहुतेक सगळे आई-वडिलांबद्दल लिहीत आहेत, म्हणून मी त्या बाजूने लिहितो.

दिवाळीच्या आधी बाजारात गेलो होतो, फोन पिशवीत, वर कोहळं आणि संत्री. घरी येऊन पाहतो तर फोन बोलायला लागला. जिथे बोट लावू तिथलं वाचून दाखवायचा. भोवती हिरवी चौकट. एकदा दाबून काही उघडेना, पडदा सरकेना. मुलीचा फोन आला तर उचलता येईना. यंत्र सांगत होतं, ‘सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा.’ मी दोनदा टॅप करत होतो, पण माझ्या चालीनं. एक टॅप, मग दुसरा. त्याला ते दोन वेगळे टॅप वाटत होते. दाराची कडी वाजवल्यासारखं टक-टक पाहिजे, हे तिसऱ्या दिवशी नातीनं सांगितलं.

ती सोय अंध माणसांसाठी आहे, तिचं नाव टॉकबॅक. फार मोलाची सोय आहे, हे मला नंतर समजलं. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबली गेली की अनेक फोनमध्ये ती चालू होते. माझ्याकडे ते काम कोहळ्यानं केलं. बंदही तसंच होतं, दोन्ही बटणं पुन्हा दाबून धरायची. आणि चालू असताना पडदा दोन बोटांनी सरकतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांना दुकानात पैसे मोजावे लागतात. मी मोजणार होतो.

आता मनातलं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हाला पंधरा दिवस प्रशिक्षण दिलं होतं. चुकलं तर शेजारी माणूस होता. घरच्या फोनसाठी प्रशिक्षण म्हणजे एकच वाक्य: "आजोबा, सोप्पं आहे हो." हे वाक्य कृपा करून म्हणू नका. सोपं असून जमलं नाही, तर माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. ‘थोडं किचकट आहे, मलाही वेळ लागला’ असं म्हणा, मग आम्ही दहा वेळा विचारू.

सांजवातताईंच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ‘समजले’ न दाबणाऱ्या बाईंबद्दल मला फार आदर वाटला.

चौथा_मजला

सगळं पटतं. पण पैशांचं काय? आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी जुना पलंग विकायला काढला होता. घेणाऱ्यानं ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हटलं. त्यांनी टाकला. पैसे आले नाहीत, गेले. त्यांच्या मुलानं दुसऱ्याच दिवशी फोनमधून यूपीआय काढून टाकलं. मला वाटतं तेच बरोबर. शिकवण्याच्या नादात आयुष्याची पुंजी जायची.

सांजवात

चौथा_मजला, तुमची काळजी खरी आहे, आणि काकांचं फार वाईट वाटलं. पण यूपीआय काढून घेतल्यावर ते भाजीच्या गाडीवर काय करतात? आमच्या गल्लीतला भाजीवाला सुट्टे नाहीत म्हणतो आणि कोडची पाटी पुढे करतो. आईनं एकदा साठ रुपयांच्या गवारीसाठी दादाला ऑफिसात फोन केला होता. वर्गात चाळीस पोरं सांभाळलेल्या बाईला मुलाकडे साठ रुपये मागताना कसं वाटलं असेल?

आईच्या वहीत आतल्या पुठ्ठ्यावर, सगळ्यात आधी, हे आहे: "पैसे येताना पिन नाही. पैसे जाताना पिन. येणाऱ्या लक्ष्मीला कोणी कुलूप लावत नाही." शेवटची ओळ तिची स्वतःची. त्याखाली १९३०, सायबर फसवणुकीचा नंबर, बोटाएवढ्या अक्षरांत. फसवणूक झाली तर आधी तिथे फोन, घरच्यांना नंतर. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. बरेच जण पोरं रागावतील म्हणून दिवसभर गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात.

शिवाय तिचं पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही. दुसरं एक खातं काढलं, त्यात महिन्याला दोन हजार टाकतो. तेवढ्यात गवार, रिक्षा, औषधं सगळं होतं. काकांनाही असं करून देता येईल का, बघा ना विचारून.

चौथा_मजला

वेगळं खातं हे सुचलं नव्हतं. आज संध्याकाळी त्यांच्या मुलाशी बोलतो.

पैलतीर

‘येणाऱ्या लक्ष्मीला कुलूप’ अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं.

यात एक भर घाला. आता व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर आपला पडदा समोरच्याला दाखवता येतो. मला अण्णांना शिकवायला त्याचा फार उपयोग होतो. पण अनोळखी माणूस ‘पडदा दाखवा’ म्हणाला तर फोन तिथेच ठेवायचा, कारण मग ओटीपीसुद्धा त्याला दिसतो. अण्णांशी ठरलंय, पडदा फक्त मला आणि सूनबाईला.

निंबोणी

सांजवात, एक विचारायचं होतं. सासूबाईंकडून टेकवायच्या जागी दाबून धरलं जातं, मग फोटो निवडले जातात, कधी पुसले जातात. नातवाच्या बारशाचे गेले म्हणून रडल्या हो.

घाटमाथा

निंबोणीताई, गुगल फोटो असेल तर त्याच्या कचरापेटीत बघा. बॅकअप असलेले फोटो ६० दिवस आणि नसलेले ३० दिवस तिथे पडून असतात. तिथून परत आणता येतात. आणि सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त दाबून धरण्याचा वेळ वाढवायची सोय असते. ‘लाँग’ करून ठेवा. बाबांचं तेव्हापासून निम्मं बिघडायचं थांबलं.

निंबोणी

मिळाले!! सगळे मिळाले, एकूण ४३. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि घाटमाथा तुमच्या नावाने एक चिमूट वेगळी.

सांजवात

खालचा मजकूर आईचा आहे. तिनं बोलून टाइप केलाय, विरामचिन्हं तेवढी मी घातली.

"नमस्कार. मी हिची आई. सर्वांचे प्रतिसाद अक्षर मोठे करून वाचले, दोन दिवस लागले. विठोबाची परीक्षा मी आमच्याही भांड्यांवर केली. आमची इंडक्शन नाही, पण माहीत असावे म्हणून. नागपूरच्या भाऊंना नमस्कार. टक-टक मी वहीत लिहिले आहे, कडीचे चित्रही काढले आहे.

माझे एक विचारणे आहे. फोन आल्यावर माझ्या जुन्या फोनवर हिरवे चिन्ह वर सरकवावे लागे. नव्यावर नुसते दाबले तरी चालते. धाकट्या जावेच्या फोनवर बाजूला सरकवतात. दार तर एकच, मग कडी प्रत्येक घरी वेगळ्या अंगाला का? कोणी हे बनवणारे वाचत असतील तर त्यांनी सांगावे. मी समजून घेईन.

वहीची ४१ पाने भरली आहेत. कोणाला हवी असल्यास कळवावे. झेरॉक्स काढून पोस्टाने पाठवीन. प्रत्येक पानाखाली थोडी जागा कोरी सोडली आहे, तुमच्या फोनवर वेगळे असेल ते तिथे लिहून घ्यावे."

वडाची_पारंबी

एक प्रत मला. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो. टपालखर्च मी पाठवीन, यूपीआयने.

घाटमाथा

बाबांसाठी एक. त्यांनी विचारलंय, कडीच्या चित्राचं पान रंगीत आहे का?